आमच्या हॉस्पिटलबद्दल तुमचं मत

फ्रीमाँट, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय हिमानी,

काल तू फोन केलास, पण माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. मशीन लावूनही पलीकडचं निम्मं कळत नाही, मी नुसती हो हो करत राहते. तुझे काका होते तोवर ते मध्ये बसून सांगायचे. आता तीन वर्षं झाली, मध्ये बसायला कोणी नाही. तेव्हा यापुढे आपण लिहायचंच. शेजारच्या सियाने मला आयपॅडवर मराठी कीबोर्ड लावून दिलाय. वेळ लागतो, पण जमतं.

लिहायचं कारण प्रसन्न. गुरुवारी साउथ डकोटाहून न कळवता आला. दार उघडलं आणि मला क्षणभर माझा मुलगा ओळखू आला नाही. नाक मोडलेलं, त्यावर पट्ट्या, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. म्हणाला, "इमर्जन्सीत एका पेशंटने मारलं, आई. ड्रंक होता. होतं असं." एवढंच. तीन दिवस खोलीबाहेर आला नाही. मी वरणभात नेऊन ठेवला, तो तसाच परत आणला. अडतीस वर्षांचा डॉक्टर माणूस, त्याला भरवू तरी कसं?

तू त्याच्याच हॉस्पिटलमध्ये आहेस, म्हणून विचारते. तिथे रोज असं होतं का? त्याच्याकडे जरा लक्ष ठेव. तुला तिथे त्यानेच लावून दिलं, सख्ख्या बहिणीसारखं बघतो तो तुला. आणि तुझं काम नक्की काय, ते मला अजून समजलेलं नाही. पेशंटचं मत गोळा करायचं, म्हणजे दुकानात विचारतात तसं? त्यासाठी पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं शिकावं लागतं?

थंडीत डोक्याला बांधून बाहेर पडत जा.

तुझी शोभनाकाकू


साउथ डकोटा, २० फेब्रुवारी २०२४

काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दादाच्या नाकाचं मला त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही घाबराल म्हणून फोनवर बोलले नाही. सात तारखेची दुपार. मी वरच्या मजल्यावर होते. खाली आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं, एक बाई फरशी पुसत होती. डग नावाचा गार्ड आहे, तो हसत म्हणाला, "झिंगलेला माणूस होता, डॉक्टरवर चालून आला. आम्ही झोपवला त्याला." दादा तोवर एक्स-रेला गेला होता. दादा बिचारा नऊ वर्षं हे सोसतोय. मी लक्ष ठेवीन.

आता माझं काम. आमच्यापासून चाळीस मैलांवर लकोटा लोकांचं रिझर्व्हेशन आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना सरकारने आखून दिलेला मुलूख. शंभर मैलांत दुसरं मोठं हॉस्पिटल नाही, त्यामुळे आमचे निम्मे पेशंट लकोटा. घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला आम्ही फॉर्म पाठवतो: 'आमच्या हॉस्पिटलबद्दल तुमचं मत'. गेल्या वर्षी नऊशे फॉर्म भरून आले. त्यात लकोटा पेशंटचे अकरा. आणि त्या अकरांवर प्रत्येक प्रश्नापुढे 'उत्तम'. बाकीच्यांनी मत का दिलं नाही हे शोधायचं आणि त्यांना बोलतं करायचं, यासाठी मला घेतलंय.

मी दर गुरुवारी त्यांच्या कम्युनिटी हॉलमध्ये जाऊन बसते. पहिल्या आठवड्यात फॉर्म नेले होते, कोणी हात लावला नाही. लिओना नावाच्या आजी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात. त्यांचा फॉर्म त्या अकरांतला निघाला. मी विचारलं, "आजी, सगळंच उत्तम होतं का?" त्या म्हणाल्या, "नाव पत्ता लिहून पाठवायचं ना? आणि परवा मला त्याच खुर्चीत बसायचंय. त्याच नर्सने सुई टोचायची आहे."

दुसऱ्या आठवड्यापासून मी फॉर्म नेणं बंद केलं. कॉफी नेते. त्यांच्याबरोबर बटाटे सोलते. विचारत काही नाही. गेल्या गुरुवारी एक बाई आपणहून बोलली. तिच्या मुलीला बाळंतपणात ओरडली म्हणून नर्सने थोबाडीत मारली होती. दुसरीच्या नवऱ्याचे हात दोन दिवस कॉटला बांधून ठेवले होते. तो सुटायची धडपड करत होता, कारण त्याला लघवीला जायचं होतं. मनगटांची कातडी निघून आली, तिने फोटो दाखवला. मी विचारलं, लिहू का? दोघींनी मान हलवली, नको. पण बोलल्या, काकू. हे काम दुकानातलं नाही.

हिमानी


फ्रीमाँट, २ मार्च २०२४

हिमानी,

वाचून अंगावर काटा आला. पण खरं सांगू? एका बाजूचं ऐकून कुठलाही निष्कर्ष काढू नकोस. प्रसन्न सांगतो, तिथे फार पितात, अंगावर थुंकतात, चावतात. त्याच्या एका नर्सच्या अंगठ्याचा तुकडा पडला होता. ती माणसं आपल्या बाजूचं सांगणार, तुझ्यासारखी ऐकणारी मिळाली की आणखी सांगणार.

तू एकटी जाऊ नकोस. कोणाला तरी बरोबर ने. आणि प्रसन्नला यातलं काही सांगत बसू नकोस, तो कामावर परत गेलाय तोच पुष्कळ आहे. पाडव्याला दोघं एकत्र जेवा. श्रीखंड विकत आणलंत तरी चालेल.

काकू


साउथ डकोटा, २४ मार्च २०२४

काकू,

हे पत्र मी चार दिवस लिहीत होते आणि खोडत होते. बसून वाचा.

हॉलमध्ये एक बाई यायची. माझ्याहून थोडी मोठी, कोपऱ्यात बसायची, बोलायची नाही. माझ्याकडे बघायची, तेही चेहऱ्याकडे नाही, छातीवरच्या बॅजकडे. गेल्या गुरुवारी सगळे गेल्यावर ती समोर येऊन बसली. तिचं नाव रमोना. तिने मला जे सांगितलं ते तिच्या परवानगीने तुम्हाला लिहितेय. परवानगी नाही, तिनेच सांगायला लावलंय.

तिचा भाऊ वेस्ली, चौतीस वर्षांचा, वेल्डर. बाराव्या वर्षापासून शुगर, रोज इन्सुलिन घेतो. दारूच्या थेंबाला शिवत नाही, कारण बाप दारूत गेला. सात फेब्रुवारीला कामावर जेवण राहिलं. दोनच्या सुमाराला तो असंबद्ध बोलायला लागला, घामाने भिजला. मालकाने रमोनाला बोलावलं. तिने ट्रकमध्ये रस पाजायचा प्रयत्न केला, त्याने सगळा सांडला. शुगर फार खाली गेली की माणूस असाच होतो, काकू. झिंगल्यासारखा. समोरचा कोण ते कळत नाही.

तिने त्याला इमर्जन्सीच्या दारात सोडलं, खिडकीतल्या मुलीला सांगितलं, "शुगर आहे त्याला," आणि ट्रक लावायला गेली. परत आली तर आतलं काचेचं दार बंद आणि एक गार्ड ते धरून उभा.

तिने काचेतून जे पाहिलं ते तिच्या शब्दांत लिहिते.

"त्याला तिघं धरत होते आणि तो हात झटकत होता. एक हात डॉक्टरच्या नाकावर बसला. खूप रक्त आलं. मग दोन गार्डनी त्याला उचलून आपटलं. डोकं फरशीवर पडल्याचा आवाज मला काचेबाहेर आला. एक त्याच्या मानेवर गुडघा ठेवून बसला. दुसऱ्याने हात मागे पिळला, पिळला, आणि तो मोडला. वेस्ली लहान असताना घोड्यावरून पडला होता तेव्हा ओरडला होता तसा ओरडला. मग हलायचा थांबला. आणि हलायचा थांबल्यावर तो डॉक्टर आला. बाहीने नाक पुसलं, खाली बसला आणि त्याच्या तोंडावर बुक्क्या मारायला लागला. मी मोजल्या. पाच. मी काचेवर हात आपटून ओरडत होते, शुगर बघा, शुगर बघा. दार धरणाऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही."

त्यानंतर वेस्लीला कॉटला बांधलं. झोपेचं इंजेक्शन दिलं. कागदावर लिहिलं, मद्यधुंद, हिंसक. एक तास दहा मिनिटं कोणी त्याच्या बोटाला सुई टोचली नाही. शिफ्ट बदलली, नव्या नर्सने टोचली. शुगर तेवीस. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो.

तो मेला नाही. डावा डोळा गेला, त्याभोवतीचं हाड चुरलं होतं. मेंदूला इतका वेळ साखर मिळाली नाही, त्याचं जे व्हायचं ते झालं. चमचा हातात धरता येत नाही. एकेक शब्द शोधून बोलतो. रक्तात दारू निघाली नाही, तो रिपोर्ट मी स्वतः पाहिला. मद्यधुंद हे कोणी खोडलेलं नाही.

मी रमोनाला विचारलं, इतके दिवस मला का सांगितलं नाहीस? तिने माझ्या बॅजवर बोट ठेवलं. "पिंपळखुटे. हे आडनाव मी त्या दिवशी डॉक्टरच्या कोटावर वाचलं. असं लांबलचक आडनाव इथे दोघांचंच आहे. तू आम्हाला बोला, बोला म्हणत येतेस. म्हणून ठरवलं, तुलाच सांगायचं. बघू लिहितेस का."

मी लिहून घेतलं. तीन पानं. तिने सही केली. उठताना तिने विचारलं, "त्या डॉक्टरला आई आहे?" मी हो म्हटलं. "मग तिला सांग," म्हणाली.

हिमानी


फ्रीमाँट, २९ मार्च २०२४

हिमानी,

ती तीन पानं फाडून टाक.

मी स्पष्ट लिहिते. काचेतून, लांबून, घाबरलेल्या बाईने पाहिलं. ती पाच म्हणते, तू पाच लिहिलंस. माझ्या मुलाला मी ओळखते की ती? लहानपणी अंगणात मेलेली चिमणी सापडली तर हा मुलगा दिवसभर जेवला नव्हता.

तुझे बाबा गेले तेव्हा तुझ्या काकांनी नागपूरला येऊन तुझा हात धरला आणि म्हणाले, ही आता माझी. या घरातून तू कॉलेजला गेलीस. तुझ्या बॅजवरचं जे आडनाव तिने वाचलं, ते या घराचं आहे. तू त्याच्या विरुद्ध कागद देणार? उद्या त्याचं लायसन गेलं तर तो काय करेल? आणि त्याने तुला त्या नोकरीत लावलं, तुझा व्हिसा तिच्यावरच आहे, ती गेली की साठ दिवसांत तुला देश सोडायला लागेल, हे तरी कळतंय ना?

त्या मुलाचं वाईट झालं. मी देवाजवळ त्याच्यासाठी बोलेन. पण तुझं काम फॉर्म भरून घ्यायचं आहे, कोर्ट चालवायचं नाही.

प्रसन्नशी एक अक्षर बोलू नकोस.

काकू


साउथ डकोटा, ९ एप्रिल २०२४

काकू,

बोलले. आज पाडवा. तुम्ही म्हणाला होतात ना, एकत्र जेवा.

दादाच्या घरी गेले. तो कांदा चिरत होता. मी म्हटलं, "दादा, खाली पडलेल्या माणसाला तू मारलंस का?" तो चिरत राहिला. "ही ब्रोक माय नोज, हिमानी." मी म्हटलं, "त्याच्यानंतर विचारतेय. तो हलत नव्हता तेव्हा." त्याने सुरी ओट्यावर इतक्या जोरात आपटली की पातं मुठीतून निघालं. मग ताटं. दोन्ही भिंतीवर. माझा दंड धरून मला फ्रिजवर ढकललं आणि तोंडाजवळ तोंड आणून ओरडला, "तुला काय माहीत तिथे काय चालतं? रोज कोणीतरी थुंकतं, रोज! नऊ वर्षं! तू कॉफी पाजत फिरतेस, मी त्यांची डोकी शिवतो!" त्याचे डोळे तांबडे झाले होते. माझ्या दंडावर त्याची चार बोटं अजून दिसतात.

मग तो एकदम खाली बसला, फुटलेल्या ताटांत. म्हणाला, "मला वाटलं तो ड्रंक आहे. सगळ्यांना वाटलं." मी विचारलं, "ड्रंक असता तर चाललं असतं?" त्याने ताटाचे तुकडे एकावर एक रचले. म्हणाला, "दे तुझा रिपोर्ट. तुझा व्हिसा आणि माझं लायसन एकाच दिवशी जाईल."

तो नाही म्हणाला असता तर काकू, मी देवाशपथ त्याच्यावर विश्वास ठेवला असता. इतकी मला विश्वास ठेवायची इच्छा होती. तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशीची वाट न बघता मी आमच्या डायरेक्टर बाईंना तीन पानं दिली. त्यांनी वाचली, कडा जुळवून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "हिमानी, ही तक्रार झाली. तुला मतं आणायला सांगितली होती. ही वकिलांकडे जाईल, तुझ्या कामात धरू नकोस." मी विचारलं, कधी कळेल? त्या म्हणाल्या, "तुझं चांगलं चाललंय. कॉफीची कल्पना सगळ्यांना आवडली."

संध्याकाळी मी त्याच तीन पानांची नक्कल राज्याच्या आरोग्य खात्याला पाठवली. आडनाव पूर्ण लिहिलं, त्याचंही आणि माझंही.

तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. काकांनी हात धरला होता, ते मी विसरलेले नाही.

हिमानी


साउथ डकोटा, २१ मे २०२४

काकू,

दीड महिना तुमचं पत्र नाही. हे मी एका हाताने टाइप करतेय, डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. दादाने तुम्हाला काय सांगितलं असेल माहीत नाही, म्हणून मीच लिहिते.

एप्रिलच्या शेवटी राज्याची माणसं चौकशीला आली. डगला घरी बसवलं. त्याने लोकांना माझं नाव सांगितलं. माझ्या गाडीची काच दोनदा फुटली. कॅफेटेरियात मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. दादा समोरून आला तर मान वळवायचा. चौकशीत त्याने सांगितलं, मला नीट आठवत नाही.

सोळा तारखेला भर दुपारी मी पार्किंगमध्ये गाडीकडे जात होते. मागून पावलं ऐकली, वळले नाही. पहिला घाव डोक्यात बसला. गार्ड लोकांकडे ती लांब लोखंडी टॉर्च असते, तिचा. खाली पडले तेव्हा डग दिसला. तो एक शब्द बोलला नाही, हे मला अजून सारखं आठवतं. दुसरा घाव चुकवायला मी हात वर केला, मनगट मोडलं. मग लाथा. बरगड्यांत, पाठीत. तोंडात रक्त आलं, एक दात जिभेवर आला. मला वाटलं, आता संपलं.

तेवढ्यात हॉर्न वाजायला लागला. डायलिसिसची व्हॅन उभी होती. त्यात लिओना आजी होत्या. ड्रायव्हर आत कागद द्यायला गेला होता. त्या मागच्या सीटवरून पुढे वाकल्या आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. सोडलाच नाही. माणसं धावत आली, तेव्हा डग पळाला.

मला आत नेलं. ड्यूटीवर दादा.

त्याने मला पाहिलं आणि त्याच्या तोंडून "हिमू" असं निघालं. लहानपणी म्हणायचा तसं. माझं रक्त, माझे कपडे, तो नर्सवर ओरडत होता, "लवकर, लवकर." आणि काकू, पहिल्या दोन मिनिटांत माझ्या बोटाला सुई टोचली गेली. शुगर बघितली. मला शुगर नाही. ते नियमात आहे म्हणून बघितली. बेशुद्धीकडे झुकलेल्या प्रत्येकाची बघायची असते.

सतरा टाके त्याने स्वतः घातले. टाके सरळ आले. शेवटचा घालून झाला आणि पोलीस आले. त्यांनी विचारलं, डग कसा माणूस? दादाने हातमोजे काढले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डगचं सांगितलं, मग सात फेब्रुवारीचं. दार कोणी धरलं, हात कोणी पिळला, गुडघा कोणाचा. "आणि मग मी मारलं," म्हणाला. "तो बेशुद्ध होता. किती ते मोजलं नाही. शुगर बघा असं बाहेरून ओरडणं ऐकू येत होतं. मी ऐकलं होतं." मी शेजारच्या कॉटवर होते. मी सगळं ऐकलं.

मला वाटलं, हे ऐकून रमोनाला बरं वाटेल. ती दुसऱ्या दिवशी आली, सूप घेऊन. मी सांगितलं. तिने डब्याचं झाकण परत घट्ट लावलं. म्हणाली, "माझ्या भावासाठी तीन महिने नऊ दिवस गप्प बसला. तुझ्यासाठी एक तास."

मग तिने मला सूप भरवलं, कारण माझा हात चालत नव्हता.

हिमानी


फ्रीमाँट, २ जून २०२४

हिमू,

मी तुझी दोन्ही पत्रं वाचली. पहिलं एप्रिलमध्येच वाचलं होतं. उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

आता ऐक. फेब्रुवारीत प्रसन्न आला तेव्हा नाक मोडलं होतं हे मी तुला लिहिलं. उजव्या हाताचं लिहिलं नाही. त्या हाताची बोटं मुठीच्या सांध्यांवर सुजली होती, कातडी फाटली होती. मी स्वतः बर्फ लावला. मार खाल्लेल्या माणसाची बोटं अशी सुजत नाहीत, एवढं मला कळतं. मी विचारलं नाही. तू पाच म्हणालीस तेव्हा मी तुला पानं फाडायला सांगितलं, आणि मला माहीत होतं.

प्रसन्न मागच्या आठवड्यात घरी आला. लायसन तूर्त काढून घेतलंय. जेवणाच्या टेबलावर बसला आणि सगळं सांगायला लागला. मी मशीन कानात घट्ट दाबून ऐकलं, एक शब्द सुटू दिला नाही. "ती ओरडत होती ते मी ऐकलं होतं," असं म्हणाला तेव्हा माझा हात उठला. कानाखाली दिली मी त्याला. परत दिली. तो हलला नाही, हात वर केला नाही, डोळे मिटून बसला. लहानपणी बसायचा तसाच.

तुला हे घर चांगलं म्हणून माहीत आहे. तू आलीस तेव्हा तुझे काका निवळले होते. त्याच्या लहानपणी ते पट्ट्याने मारायचे. मार्क कमी आले की, उलट बोलला की. तो जमिनीवर पडल्यावरसुद्धा. मी काय करायचे माहीत आहे? खिडक्या लावायचे. शेजारचे अमेरिकन पोलिसांना फोन करतात, असं सगळ्या बायका सांगायच्या. मी त्याच्या पाठीला हळद लावायचे आणि सांगायचे, बाहेर बोलायचं नाही. इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने जे केलं त्याला हे कारण म्हणून लिहीत नाही. कितीतरी मुलं मार खाऊन मोठी झाली, ती कोणाचे डोळे फोडत नाहीत. माझं मी सांगतेय.

काल मी राज्याच्या त्या खात्याला पत्र लिहिलं, इंग्रजीत, शब्द सियाला विचारून. मी डॉक्टरची आई, आठ फेब्रुवारीला त्याचा उजवा हात असा असा होता, मी पाहिला. प्रसन्नला दाखवलं. तो म्हणाला, "पाठव, आई."

रमोनाने मला सांग म्हटलं होतं ना? तिला म्हणावं, सांगितलंस. आणखी काय म्हणावं ते मला सुचत नाही.

दात बसवून घे. दुसऱ्या बाजूने चावत जा.

काकू


साउथ डकोटा, १५ सप्टेंबर २०२४

काकू,

दादाला कोर्टाने पुढच्या महिन्यात बोलावलंय, ते तुम्हाला कळलं असेलच. वकील म्हणतात, गुन्हा कबूल केला तरी शिक्षा होईल. डग तुरुंगात आहे. वेस्लीच्या कागदावरचं मद्यधुंद खोडून तिथे खरं लिहिलंय, तारीख घालून. हॉस्पिटलने मला काढलं नाही, पण बसायला खोलीही ठेवली नाही. तेवढ्यात रिझर्व्हेशनच्या आरोग्य समितीने मला घेतलं, व्हिसाचे कागद त्यांनीच केले. आता मी त्यांच्या बाजूने हॉस्पिटलला मतं कळवते. या तीन महिन्यांत एकशे बेचाळीस आली. लिओना आजींनी पहिलं दिलं. खाली नाव, पत्ता, फोन नंबर. सुई टोचणाऱ्या नर्सबद्दल दीड पान आहे.

काल वेस्लीचा फॉर्म भरायला गेले होते. रमोनाच्या घराबाहेर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. तो बारीक झालाय, डाव्या डोळ्यावर कापड. मी ओळख करून दिली, आडनावासकट. त्याने मान हलवली. त्याला ठाऊक होतं.

छापील प्रश्न मी गाळले. शेवटचा विचारला, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? रमोना म्हणाली, मी सांगते त्याच्या वतीने. त्याने हात वर करून तिला थांबवलं. मग आम्ही थांबलो. खूप वेळ गेला. वारा होता, कागद उडत होता, मी प्लास्टर काढलेल्या हाताने धरून ठेवला.

तो म्हणाला, "मी डॉक्टरला मारलं."

रमोना उठली. "वेस्ली, नाही."

"नाक मोडलं. मला आठवत नाही." परत थांबला. "सॉरी. लिही."

रमोनाने माझ्या हातातून फॉर्म ओढला. ती रडत होती आणि ओरडत होती, "हे लिहायचं नाही! तू माफी मागायची नाहीस! पाच मारल्या त्याने, पाच!" कागद एका कोपऱ्यात फाटला. वेस्लीने तिच्याकडे उजवा डोळा वळवला आणि हात पुढे केला. तो हात सारखा हलत असतो. "माझा फॉर्म आहे," म्हणाला. तिने बराच वेळ दिला नाही. मग दिला. त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि मी लिहिलं, त्याने सांगितलं तसं.

मला वाटलं, झालं. पेन बंद करत होते. त्याने मान हलवली. अजून आहे. तो शब्द शोधत होता, ओठ हलत होते, कपाळावर घाम आला. रमोना त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मदत केली नाही.

हा फॉर्म उद्या हॉस्पिटलला जाईल, एक प्रत राज्याला. तिसरी तुम्हाला पाठवावी असं त्यानेच सांगितलं. दादाला तुम्ही वाचून दाखवा. त्यातलं शेवटचं वाक्य हे आहे, मी त्यात एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"मी आजारी होतो. तो नव्हता."

हिमानी